उतारवयातील सांधेरोपण आणि जंतुसंसर्गाचा धोका : थांबावे की उरकून घ्यावे?

मेघना_को

नमस्कार. माझ्या आईचे वय ७४ आहे. दोन्ही गुडघे इतके झिजले आहेत की घरातल्या घरातही ती भिंतीला धरून चालते. मधुमेह जुना आहे आणि नुकतेच केलेले एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर) ८.९ आले. कोल्हापुरातील ज्या सर्जनना आम्ही आधी दाखवले, त्यांनी स्पष्ट सांगितले की साखर आटोक्यात आल्याशिवाय आणि किडलेल्या दातांचे काम उरकल्याशिवाय ते गुडघ्याला हात लावणार नाहीत. दुसऱ्या एका रुग्णालयात मात्र "या वयात थोडीफार साखर असायचीच" असे म्हणून पुढच्याच आठवड्याची तारीख देऊ केली. आईला अर्थातच दुसरे डॉक्टर अधिक आवडले.

ओळखीतील एका गृहस्थांच्या नव्या गुडघ्यात जंतुसंसर्ग होऊन तो सांधा काढावा लागला, त्यामुळे घरात सगळेच धास्तावले आहेत. हा धोका प्रत्यक्षात किती असतो? तो वयामुळे वाढतो की इतर कशामुळे? दोन-तीन महिने थांबून तयारी केल्याने खरोखर फरक पडतो का? रुग्णालयात नेमके काय विचारावे, हेही जाणकारांनी सांगितल्यास उपकार होतील.

निवृत्त_मास्तर

आमच्या सौभाग्यवतींचे दोन्ही गुडघे ७१ व्या वर्षी बदलले आणि आता त्या माझ्यापुढे चालतात. ऐकीव कहाण्यांनी घाबरून जाऊ नये, असे माझे मत आहे. आम्ही एकच नियम कडकपणे पाळला : पहिले पंधरा दिवस भेटायला येणाऱ्यांनी उंबऱ्यातूनच विचारपूस करायची. त्यापायी दोन मेहुणे अद्याप रुसलेले आहेत, गुडघ्यांची मात्र काही तक्रार नाही.

डॉ_सांधेजोड

मी अस्थिरोगतज्ज्ञ आहे. इथे कोणाच्याही आईवडिलांबद्दल वैयक्तिक सल्ला देणार नाही, तो तपासणाऱ्या डॉक्टरांनीच द्यायचा असतो. पण सर्वसाधारण माहिती देतो.

पहिल्यांदाच केलेल्या गुडघा किंवा खुबा रोपणात सांध्याच्या आत जंतुसंसर्ग होण्याचे प्रमाण शंभरात साधारण एक ते दोन असते. एकदा बदललेला सांधा पुन्हा बदलावा लागला, तर ते बरेच वाढते. म्हणजे धोका लहान आहे, पण ज्याच्या वाट्याला येतो त्याच्यासाठी तो अतिशय मोठा असतो. त्याचे कारण असे की धातू आणि प्लॅस्टिक यांना रक्तपुरवठा नसतो. जंतू त्या पृष्ठभागाला चिकटले की स्वतःभोवती एक बुळबुळीत थर तयार करतात आणि त्या थरात औषध नीट पोहोचत नाही. न्हाणीघरातील फरशीवरचे शेवाळ नुसते पाणी ओतून जात नाही, घासावेच लागते, तसाच हा प्रकार आहे. म्हणूनच नव्या सांध्यातला संसर्ग केवळ गोळ्यांनी बरा होईल, ही आशा बहुधा फोल ठरते.

आता वयाचे. निव्वळ वय हा या बाबतीत त्यामानाने दुबळा घटक आहे. निरोगी, हिंडत्याफिरत्या ऐंशीच्या माणसापेक्षा साखर वाढलेल्या, तंबाखू खाणाऱ्या साठीच्या माणसाला मी अधिक घाबरतो. वयाबरोबर जे येते त्याने धोका वाढतो : मधुमेह, अति लठ्ठपणा, रक्तक्षय, प्रथिनांची कमतरता, मूत्रपिंडाचे आजार, संधिवातासाठी चालू असलेली स्टेरॉइडे. मात्र संसर्ग झालाच तर तो वृद्धांना अधिक छळतो, कारण लागोपाठच्या शस्त्रक्रिया आणि बरेच दिवस अंथरुणाला खिळणे त्यांना झेपत नाही.

दोन गोष्टी रुग्ण हमखास लपवतात किंवा त्यांच्या लक्षातच येत नाहीत. पहिली म्हणजे मशेरी. "तंबाखू खाता का?" असे विचारले की आजी ठामपणे नाही म्हणतात. "दाताला काय लावता?" असे विचारले की कमरेच्या पिशवीतून डबी बाहेर येते. निकोटिनमुळे त्वचेच्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि जखमेच्या कडा सुकायला वेळ लागतो. ती डबी शस्त्रक्रियेआधी निदान चार ते सहा आठवडे बंद हवी. दुसरी म्हणजे गुडघ्यात घेतलेले स्टेरॉइडचे इंजेक्शन. त्यानंतर सुमारे तीन महिने त्या सांध्याची रोपण शस्त्रक्रिया टाळावी, असे आम्ही मानतो. "दुखत होते म्हणून गावात एक सुई घेतली" ही बातमी शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी कळावी, ही आमच्या क्षेत्रातील नेहमीची गोष्ट आहे.

चहाबाज

डॉक्टर, मशेरीची डबी निघाली. पण चहातल्या साखरेचे काय? आमच्या आजोळी "मी साखर घेतच नाही" म्हणणारी माणसे गुळाचा चहा दिवसातून सहा वेळा घेतात.

दक्षिणवारा

मला थोडी वेगळी बाजू मांडायची आहे. माझ्या सासूबाईंना साखरेसाठी थांबायला सांगितले. त्या थांबल्या, पण दुखण्यामुळे चालणे बंद झाले, चालणे बंद झाल्याने वजन वाढले, मांड्यांचे स्नायू उतरले आणि साखर होती तिथेच राहिली. थांबण्याचीही किंमत असते, हे सर्जन सांगत नाहीत. शिवाय सात, साडेसात, आठ यांपैकी नेमका कोणता आकडा पाळायचा, यावर दोन डॉक्टरांचे कधी एकमत झालेले मी पाहिलेले नाही. आकड्याच्या मागे लागून माणूस आणखी खचत असेल, तर तो आकडा काय कामाचा?

डॉ_सांधेजोड

दक्षिणवारा, तुमचा आक्षेप योग्य आहे. बहुतेक सर्जन ७.५ ते ८ च्या आसपास रेषा ओढतात, पण ७.९ सुरक्षित आणि ८.१ धोकादायक असे शरीर मानत नाही. शस्त्रक्रियेच्या वेळची आणि नंतरच्या काही दिवसांतील साखरही तितकीच महत्त्वाची असते. ती २०० च्या खाली ठेवण्याचा प्रयत्न करतात, त्यासाठी प्रसंगी इन्सुलिन लागते आणि घरच्यांनी "आता कायमचे इन्सुलिन लागणार" म्हणून धास्ती घेण्याचे कारण नसते. एचबीए१सी साधारण तीन महिन्यांचा हिशेब सांगते, त्यामुळे तीन आठवडे पथ्य पाळले तरी आकडा लगेच हलत नाही. अशा वेळी फ्रुक्टोसमीन ही दोन-तीन आठवड्यांची साखर दाखवणारी तपासणी उपयोगी पडते.

थांबायला सांगणाऱ्या डॉक्टरांनी त्या काळात काय करायचे तेही सांगायला हवे, हे मी मान्य करतो. नुसते "साखर कमी करून या" म्हणणे म्हणजे रुग्णाला वाटेला लावणे झाले.

फिजिओ_रेवा

याच मुद्द्यावर दोन ओळी. थांबण्याच्या काळात चालता येत नसले, तरी खुर्चीत बसून पाय सरळ करणे, उशीवर टाच दाबून मांडीचा स्नायू आवळणे आणि हातांचे व्यायाम करणे शक्य असते. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे असे केले तरी साखरेला मदत होते. आणि आहाराकडे लक्ष द्यावे. चातुर्मासात एकभुक्त राहणाऱ्या, एरवीही संध्याकाळी चहा-पोळीवर भागवणाऱ्या आजी वजनदार दिसल्या तरी त्यांच्या रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन कमी निघते. ते ३.५ च्या खाली असेल तर जखम भरायला अडचण येते. लठ्ठ माणूस कुपोषित असू शकतो, हे घरच्यांना पटवणे फार अवघड जाते. डाळ, दही, पनीर, चालत असल्यास अंडी आणि मासे, यांचे प्रमाण शस्त्रक्रियेच्या आधीपासूनच वाढवावे.

जुनी_परिचारिका

मी शस्त्रक्रियागृहात अनेक वर्षे परिचारिका होते, आता निवृत्त आहे. मेघनाताईंनी रुग्णालयात काय विचारावे असे विचारले आहे, त्यासाठी लिहिते.

जाहिरातीत मॉड्युलर थिएटर, परदेशी दिवे आणि यंत्रमानव दाखवतात. मी मात्र आधी हे पाहीन की शस्त्रक्रिया चालू असताना दार किती वेळा उघडते. कोणी फोन द्यायला येतो, कोणी विसरलेले इम्प्लांट आणायला जातो, कोणी नुसते डोकावतो, आणि दर वेळी बाहेरची हवा आत येते. शिस्तीच्या सर्जनच्या थिएटरमध्ये सगळे मापाचे सामान आधी आत असते आणि मग दार बंद होते. हे रुग्णाला दिसत नाही, हे खरे. पण तिथे महिन्याला किती सांधे बदलतात आणि त्यांत संसर्ग किती झाले, हे विचारता येते. "आमच्याकडे एकही नाही" असे उत्तर मिळाले तर मी सावध होईन, कारण जो मोजतो त्याला एखादा तरी सापडतोच.

दुसरे, केस. आजही काही ठिकाणी आदल्या रात्री वस्तऱ्याने पाय गुळगुळीत करतात. त्वचेवर बारीक ओरखडे पडतात आणि सकाळपर्यंत त्यांत जंतू वाढतात. केस काढायचेच असतील तर क्लिपरने आणि शस्त्रक्रियेच्या वेळीच काढावेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांतही वस्तरा नको असे निःसंदिग्धपणे म्हटले आहे. घरच्यांनी उत्साहाने न्हावी बोलावू नये.

तिसरे, पायांची बोटे. मी रुग्णाला दाखल करून घेताना चादर वर करून बोटांच्या बेचक्या उघडून पाहत असे. पावसाळ्यात कोकणातून आणि घाटावरून येणाऱ्या बायकांच्या बोटांमध्ये पांढऱ्या, ओल्या चिखल्या असायच्या, टाचांना बोट जाईल एवढ्या भेगा, कधी एखादे नखुरडे. गुडघा बदलायला आलेला माणूस गुडघाच दाखवतो, पण जंतू त्या भेगेतून आत शिरतो. काही सर्जन माझ्यावर वैतागत, पण तारीख पुढे ढकलत.

लीड्सकर

मी इंग्लंडमध्ये राहतो. वडिलांचा खुबा इथेच बदलला, त्यामुळे इथली पद्धत सांगतो. शस्त्रक्रियेच्या काही आठवडे आधी पूर्वतपासणीसाठी बोलावले, नाकातून आणि जांघेतून नमुने घेतले. नाकात स्टॅफिलोकोकस हा जंतू बाळगणारी माणसे बरीच असतात आणि त्यांना त्याचा काही त्रास नसतो, असे तिथल्या परिचारिकेने समजावले. वडिलांच्या नाकात तो निघाला, म्हणून पाच दिवस नाकात म्युपिरोसिनचे मलम आणि क्लोरहेक्झिडीनच्या साबणाने अंघोळ. त्यांच्या शेजारच्या खाटेवर ज्यांना यायचे होते, त्या गृहस्थांना मांजराने पायावर ओरखडले म्हणून शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी घरी पाठवले.

जाता जाता एक माहिती. आधुनिक खुबारोपणाचे जनक जॉन चार्नली यांनी लँकेशायरमधील राइटिंग्टन येथे १९६२ पासून हे काम सुरू केले. सुरुवातीला त्यांच्याकडे संसर्गाचे प्रमाण ७ टक्क्यांच्या आसपास होते. त्यांनी गाळलेल्या हवेचे बंदिस्त दालन केले, श्वास बाहेर ओढून घेणारे पोशाख वापरले, जखम शिवण्याची पद्धत सुधारली आणि ते प्रमाण १ टक्क्याच्या खाली आणले. गंमत अशी की थिएटरमधील गाळलेल्या हवेच्या ज्या झोताची (लॅमिनार फ्लो) आज सर्वत्र जाहिरात होते, त्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये केली नाही. उलट सांधेरोपणासाठी तो वापरू नये, असे सुचवले.

डॉ_सांधेजोड

लीड्सकर, त्यात एक खाच आहे. चार्नलींच्या त्या काळात प्रतिबंधक अँटिबायोटिक देण्याची रीत त्यांच्याकडे नव्हती, त्यामुळे स्वच्छ हवेचा लाभ ठळक दिसला. आज योग्य वेळी इंजेक्शन दिल्यावर हवेच्या झोताने आणखी किती भर पडते, हा वादाचा विषय आहे आणि संघटनेची ती सूचनाही सशर्तच आहे. माझ्या थिएटरमध्ये झोत आहे, पण त्याच्या भरवशावर मी दार उघडे ठेवत नाही.

बंटी_सातारकर

इंजेक्शनचा विषय निघालाच आहे, तर विचारतो. वडिलांना शस्त्रक्रियेनंतर दहा दिवस अँटिबायोटिक गोळ्या दिल्या होत्या. लीड्सकर यांच्या वडिलांना किती दिल्या? आमचे तर म्हणणे, जरा जास्त दिल्या तर बिघडले कुठे?

लीड्सकर

घरी एकही गोळी दिली नाही. जे काही दिले ते शस्त्रक्रियेच्या दिवशीच. मीही अस्वस्थ होऊन विचारले, तेव्हा नम्रपणे नकार मिळाला.

जुनी_परिचारिका

खरा खेळ पहिल्या मात्रेचा असतो. चाकू लावण्याआधी एक तासाच्या आत इंजेक्शन जायला हवे आणि गुडघ्याच्या बाबतीत मांडीवरचा रक्त रोखणारा दाबपट्टा फुगवण्यापूर्वी ते पूर्ण जायला हवे, नाहीतर औषध पायात पोहोचणार कसे? वॉर्डातून थिएटरमध्ये येताना सलाईनला लटकलेली अर्धी बाटली मी किती तरी वेळा पाहिली आहे. पुढे दहा दिवस गोळ्या देऊन ती अर्धी बाटली भरून निघत नाही.

डॉ_सांधेजोड

अगदी बरोबर. जखम शिवल्यानंतर प्रतिबंधक औषध लांबवू नये, फार तर २४ तास द्यावे, अशीच सर्वमान्य दिशा आहे. अतिजोखमीच्या रुग्णांना काही दिवस गोळ्या द्याव्यात का, यावर मतभेद आहेत आणि काही सर्जन तसे करतात. ते अडाणी आहेत असे मी म्हणणार नाही. पण सातारकर, बिघडते ते असे. वृद्धांना जुलाब लागतात, प्रतिकारक्षम जंतू पोसले जातात, आणि आत काही शिजत असेल तर ते झाकले जाते.

वैनगंगा

झाकले जाण्यावरून लिहावेसे वाटले. माझे वडील ६९ वर्षांचे होते. गुडघ्याची शस्त्रक्रिया एका मोठ्या शहरात झाली आणि टाके निघाल्यावर आम्ही त्यांना भंडाऱ्याजवळच्या गावी घेऊन आलो. तिसऱ्या आठवड्यात टाक्यांच्या खालच्या टोकाशी ओल दिसू लागली. पू नव्हता, ताप नव्हता, वास नव्हता. पायाखाली घेतलेल्या उशीच्या अभ्र्यावर सकाळी रुपयाएवढा पिवळसर डाग, एवढेच. शस्त्रक्रिया केलेल्या रुग्णालयात फोन केला तर "थोडे पाणी येतेच, जवळच्या डॉक्टरांकडून ड्रेसिंग करून घ्या" असे उत्तर मिळाले. जवळच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. डाग थांबला, गोळ्या संपल्या, डाग पुन्हा आला, गोळ्या बदलल्या. असे करत दोन महिने गेले आणि मग गुडघा फुगून दुखू लागला.

नागपुरात दुसऱ्या सर्जननी सुईने सांध्यातले पाणी काढून तपासायला पाठवले, पण गोळ्यांमुळे त्यात जंतू वाढेनात. काही दिवस औषधे पूर्ण बंद ठेवून पुन्हा नमुना घेतला, तेव्हा जंतू सापडला. नंतर दोन टप्प्यांची शस्त्रक्रिया झाली. आधी नवा सांधा काढून त्याजागी अँटिबायोटिक मिसळलेल्या सिमेंटचा ठोकळा बसवला, सहा आठवडे शिरेतून औषध दिले आणि रक्ताचे अहवाल सुधारल्यावर दुसऱ्यांदा सांधा बसवला. मधल्या काळात त्यांना त्या पायावर पूर्ण भार देता येत नसे. आज ते काठी घेऊन शेताच्या बांधापर्यंत जातात, पण पहिल्या शस्त्रक्रियेच्या दुपटीहून अधिक खर्च झाला आणि विम्याने बराचसा भाग नाकारला. गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींवर सरकारने २०१७ मध्ये मर्यादा घातली, हे चांगलेच झाले; पण दुसऱ्या वेळी खर्च इम्प्लांटपेक्षा खोली, औषधे आणि घरी बसलेल्या माणसांचा असतो.

दक्षिणवारा

वैनगंगाताई, वाचून वाईट वाटले. ज्या रुग्णालयाने पैसे घेताना पाच वेळा फोन केला असेल, त्याने ओल दिसल्यावर एकदा बोलावू नये, याला काय म्हणावे?

डॉ_सांधेजोड

वैनगंगाताईंनी लिहिलेले प्रत्येकाने पुन्हा वाचावे. नवा गुडघा काही महिने कोमट लागतो, संध्याकाळी सुजतो, जखमेच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा राहतो. हे सारे नेहमीचे आहे. पहिले काही दिवस ड्रेसिंग थोडे ओले होणेही चालते. परंतु आठवड्यानंतरही जखम पाझरत असेल, कोरडी झालेली जखम पुन्हा ओली झाली असेल, किंवा कमी होत आलेले दुखणे उलटून वाढू लागले असेल, तर ज्यांनी शस्त्रक्रिया केली त्यांनाच दाखवावे, तेही फोनवर छायाचित्र पाठवून नव्हे तर प्रत्यक्ष. ताप येईलच असे नाही. वृद्धांना आणि मधुमेहींना अनेकदा येत नाही.

सीआरपी ही शरीरातील दाह दाखवणारी रक्ततपासणी शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खूप वाढते आणि मग उतरत जाऊन साधारण तीन ते सहा आठवड्यांत मूळ पातळीवर येते. एका आकड्यापेक्षा तो उतरतो आहे की पुन्हा चढतो आहे, हे महत्त्वाचे. आणि सांध्यातील पाण्याचा नमुना घेण्यापूर्वी अँटिबायोटिक सुरू करू नये. संसर्ग रक्तात पसरून रुग्ण गंभीर असेल तर गोष्ट वेगळी. पहिल्या काही आठवड्यांत संसर्ग पकडला, तर सांधा उघडून, धुऊन, घासून आणि मधला प्लॅस्टिकचा तुकडा बदलून मूळ धातूचा सांधा वाचवण्याची बऱ्यापैकी संधी असते. ती संधी गोळ्यांच्या दोन महिन्यांत निघून जाते.

फिजिओ_रेवा

घरगुती उपायांबद्दल सांगायचे राहिले. जखमेवर हळद, तुपाचा बोळा, राख, विभूती, यांपैकी काहीही लावू नये. टाके निघाले म्हणजे त्वचा पूर्ण जुळली असे नाही, त्यामुळे तेलाची मालिश जखम पूर्ण कोरडी होऊन खपली पडेपर्यंत नको. मी ज्यांच्याकडे जाते, तिथे मालिशवाल्या बाई माझ्या आधी पोहोचलेल्या असतात.

निवृत्त_मास्तर

दोन्ही गुडघे एकदम करावेत की नाही, याबद्दल कोणी लिहिले नाही. पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा डावा गुडघा २००० मध्ये आणि उजवा २००१ मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी बदलला. तोवर आमच्या गावात गुडघा बदलता येतो, हेच कोणाला खरे वाटत नसे. आम्ही मात्र दोन्ही एकाच वेळी केले.

डॉ_सांधेजोड

मास्तर, एकदम केल्याने संसर्ग वाढतो, असा ठाम पुरावा नाही. काळजी असते ती हृदयाची आणि फुप्फुसांची. सत्तरीपुढच्या, मधुमेह आणि हृदयविकार असलेल्या रुग्णांत मी दोन्ही एकदम करणे टाळतो. तब्येत उत्तम असेल तर एकच भूल, एकच मुक्काम आणि एकच खर्च, हे फायदेही खरे आहेत.

मांडवीकाठ

गोव्यात दंतवैद्य म्हणून काम करतो. मेघनाताईंच्या आईंचे सर्जन दातांबद्दल आग्रही आहेत, हे वाचून बरे वाटले. हिरड्यांत पू असलेला, हलणारा दात तोंडात ठेवून कृत्रिम सांधा बसवू नये, कारण तिथून जंतू रक्तात जात राहतात. शस्त्रक्रियेनंतर मात्र उलटे टोक गाठले जाते. कृत्रिम गुडघा आहे म्हणून दर वेळी दात साफ करण्यापूर्वी अँटिबायोटिक मागणारे रुग्ण येतात. अमेरिकी दंतवैद्यक संघटनेने २०१५ पासून सांगितले आहे की सर्वसाधारण रुग्णाला त्याची गरज नाही. प्रतिकारशक्ती फार कमी असलेल्यांचा निर्णय त्यांच्या सर्जनशी बोलून घ्यावा.

चहाबाज

म्हणजे दात, बोटांच्या बेचक्या, नाक, दार आणि डबी. गुडघ्याची चौकशी करायला आलो होतो, सगळे शरीर पालथे घालून झाले.

मेघना_को

सर्वांचे मनापासून आभार. डॉक्टरांचा प्रतिसाद वाचून मी आईला मशेरीबद्दल विचारले. तिने आधी माझ्याकडे, मग मामींकडे पाहिले आणि "पानाच्या चुन्याएवढी लावते" म्हणाली. इतकी वर्षे एकाच घरात राहून आम्हाला पत्ता नव्हता. टाचांच्या भेगाही आहेत. आम्ही पहिल्या सर्जनकडेच करायचे ठरवले आहे, आणि आधी फक्त उजवा गुडघा. दंतवैद्यांनी दोन दात काढायला सांगितले आहेत, मधुमेहाच्या डॉक्टरांनी औषधे बदलली आहेत, आणि आई सध्या आम्हा सर्वांवर चिडलेली आहे.

एक शंका उरली आहे. लघवीच्या तपासणीत जंतू निघाले आहेत, पण तिला जळजळ, ताप, वारंवार जावे लागणे, असे काहीच नाही. घराशेजारच्या डॉक्टरांनी अँटिबायोटिकचा कोर्स लिहून दिला आहे. द्यावा का?

डॉ_सांधेजोड

कोर्स सुरू करण्याआधी अहवाल आपल्या सर्जनना दाखवा. वृद्ध स्त्रियांच्या लघवीत काहीही त्रास नसताना जंतू सापडणे फार सामान्य आहे. सांधेरोपणाआधी अशा जंतूंवर उपचार केल्याने सांध्याचा संसर्ग कमी होतो, असे दिसलेले नाही. म्हणून लक्षणे नसताना ही तपासणी करण्याचीच शिफारस आता केली जात नाही. लक्षणे असतील तर मात्र उपचार पूर्ण करूनच शस्त्रक्रिया करावी.

जुनी_परिचारिका

आणि शस्त्रक्रियेच्या वेळी लघवीची नळी घातली, तर ती कधी काढणार, हे दुसऱ्या दिवशी सकाळी आठवणीने विचारा. सोयीची वाटते म्हणून ती चार दिवस राहते आणि नसलेला त्रास सुरू होतो.

पाटबंधारे

मध्येच विचारतो, क्षमस्व. माझे वडील ८२ वर्षांचे आहेत. काल ओट्यावरून पडून त्यांचे खुब्याचे हाड मोडले. साखर २८० आहे. इथली चर्चा वाचून घरचे म्हणत आहेत की दोन महिने साखर कमी करून मग शस्त्रक्रिया करू. काय करावे?

डॉ_सांधेजोड

कृपया थांबू नका. या धाग्यावरील थांबण्याचा सल्ला झिजलेल्या सांध्यासाठी, म्हणजे तारीख आपल्या हातात असते त्या शस्त्रक्रियेसाठी आहे. खुबा मोडलेला वृद्ध माणूस अंथरुणावर पडून राहिला, तर न्यूमोनिया, पाठीवरच्या जखमा आणि रक्ताच्या गुठळ्या यांनी दगावण्याचा धोका जंतुसंसर्गाच्या धोक्याहून कितीतरी मोठा असतो. शक्यतो ४८ तासांच्या आत शस्त्रक्रिया व्हावी, असे मानले जाते. साखर इन्सुलिनने काही तासांत आटोक्यात आणता येते, त्यासाठी महिने लागत नाहीत. ते रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असतील तर त्यांची पाकिटे सोबत न्या आणि शेवटची गोळी कधी घेतली ते लिहून ठेवा; भूलतज्ज्ञ सर्वांत आधी तेच विचारतील.

पाटबंधारे

रक्त पातळ करणारी एक गोळी चालू आहे, काल सकाळी घेतली होती. दाखल करायला निघालो आहोत.